चीनला बंदर हवे, या विधानाचा खुलासा

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
खैरीघाट वनपरिक्षेत्र कार्यालय,
जि. चंद्रपूर.

विषय : 'मानद संघर्ष सल्लागार' या पदावरून माझे नाव कमी करणेबाबत.

संदर्भ : १) व्याख्यानासाठी सभागृह मिळण्याबाबतचा माझा अर्ज.
२) आपले नियुक्तीपत्र, जे मी मागितले नव्हते.

महोदय,

१. मी खाली सही करणारा अश्वजित मोटघरे, राहणार पळसटोला, तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा विषय आहे. वाघ हा माझा विषय नाही, कधीच नव्हता. लहानपणापासून मी मांजरालाही वचकून असतो, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

२. गावच्या वाचनालयातर्फे दिवाळीनंतर माझे व्याख्यान ठरले. सभागृह वन समितीचे, म्हणून आपली परवानगी लागली. अर्जात मी व्याख्यानाचा विषय असा लिहिला होता : 'उगवत्या सत्तेचे शेजारच्या संघर्षप्रवण प्रदेशातील सामरिक हितसंबंध'. उगवती सत्ता म्हणजे चीन आणि शेजारचा प्रदेश म्हणजे म्यानमार, एवढे आपसूक कळेल असे मला वाटले. परंतु आपल्या जिल्ह्यात 'संघर्ष' हा शब्द एकाच अर्थाने चालतो : एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला वाघ. त्यामुळे आईपासून सुटून पावसाळ्यापासून आमच्या शिवारात स्वतःचा इलाका शोधणारा तो तरणा नर म्हणजेच उगवती सत्ता, असा अर्थ आपल्या कार्यालयाने लावला. परवानगी त्याच दिवशी मिळाली. सरकारी कामात असे घडत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

३. माझ्या व्याख्यानाला एरवी पाचसहा माणसे येतात, त्यांतली दोन सतरंजी उचलण्यासाठी थांबलेली असतात. या वेळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओसरीवर बसल्या होत्या. आपले वनरक्षक काठ्या घेऊन पहिल्या रांगेत होते. मी हुरळून गेलो, हे मान्य करतो. मी म्हणालो, उगवती सत्ता एकदम हल्ला करत नाही. ती आधी शेजाऱ्याच्या वाटा पाहते, पाणी पाहते, आणि जिथे आपसांत भांडणे आहेत, राखण ढिली आहे, तिथून आत शिरते. सगळ्या माना डोलत होत्या. तिला शेजाऱ्याशी युद्ध नको असते, फक्त आपला मार्ग मोकळा हवा असतो, असे मी म्हटले तेव्हा सत्यशीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्यानमारसाठी आमच्या गावात कोणी रडेल असे मला कधी वाटले नव्हते, त्यामुळे मी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटले. त्यांचे यजमान मागच्या उन्हाळ्यात सरपणाला गेले असता वाघाच्या तावडीत सापडून दगावले, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही.

४. शेवटी प्रश्न विचारण्यास सांगितले असता गुणाबाई उभ्या राहिल्या. त्यांची धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, तलावाला लागून आहे. त्यांनी विचारले, "सर, त्याले आखरीले पाह्यजे तरी काय?"

प्रश्न उत्तम होता. मी एका शब्दात उत्तर दिले, "बंदर." आणि खुलासा केला की दक्षिणेकडे, पाण्याकाठी, जिथून सगळीकडे जाता येईल असे बंदर त्याला हवे आहे, आणि ते मिळेपर्यंत तो स्वस्थ बसणार नाही.

५. महोदय, पुस्तकात बंदर म्हणजे जहाजे लागतात ती जागा. आमच्या गावात जहाज कोणी पाहिलेले नाही, हिंदी मात्र घरोघरी आहे, आणि हिंदीत बंदर म्हणजे माकड. आमच्या तलावाच्या दक्षिणेकडच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडे आहेत व त्यांवर माकडांची टोळी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमक्या त्याच पाळीवर वाघाचे पंजे उमटलेले दिसले. तेव्हापासून मी ज्ञानी ठरलो आहे.

६. मी ग्रामपंचायतीसमोर उभे राहून सर्वांना सांगितले की मी चीनबद्दल बोलत होतो. त्यावर वन समितीचे अध्यक्ष मुखरूभाऊ यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला व म्हणाले, "समजलं सर. त्याचं नाव घ्याचं नसते." आमच्याकडे जंगलात जाणारा माणूस वाघाला वाघ म्हणत नाही. म्हातारी माणसे 'मोठा' म्हणतात, कोणी 'पट्टेवाला' म्हणतात. मी 'चीन' म्हणालो ते त्याच रीतीला धरून, शिवाय शिकलेल्या माणसाला शोभेल असे, असा गावाने निर्णय दिला. आता सगळेच चीन म्हणतात. चीन सकाळी पाणी पिऊन गेला. चीन रात्रभर गुरगुरत होता. चीनने वारलूचा बोकड नेला. या शेवटच्या घटनेबद्दल वारलूच्या जावयाने 'चीन आपल्या हद्दीत घुसला, एक ठार' असा संदेश मोबाईलवर टाकला. तो फिरत फिरत पोलीस ठाण्यात पोचला व मला चौकशीसाठी बोलावण्यात आले. ठार झाला तो बोकड आहे हे कळल्यावर त्यांनी मला चहा पाजला. पण निघताना एका हवालदारसाहेबांनी बाजूला घेऊन हळूच विचारले की त्यांच्या गावाकडे चीनचा काही बेत आहे काय.

७. याच सुमारास आपले नियुक्तीपत्र आले, सोबत हिरवे जाकीट व शिटी. मी नकार देण्यासाठी आपल्या कार्यालयात आलो होतो. आपण त्यास माझा विनय समजलात आणि जाकिटाचे माप बरोबर आहे ना, एवढेच विचारलेत.

८. येथवर हसण्यासारखे आहे, यापुढे नाही. कापणी आली आहे. तलावाकडच्या बांध्यांच्या बायका रोज सकाळी माझ्या दारात उभ्या राहून विचारतात की आज चीनचे काय म्हणणे आहे. मी काय सांगणार? कधी 'जा' म्हणतो, कधी 'थांबा' म्हणतो, आणि 'जा' म्हटले त्या दिवशी संध्याकाळी त्या परत येईपर्यंत मी दारातून हलत नाही. गेल्या आठवड्यात मी वर्गात एक वाक्य लिहून दिले : 'चीन इतक्यात माघार घेणार नाही.' आमच्या गावची मयुरी त्या वर्गात आहे. तिने ते लगेच फोन करून घरी कळवले. तेव्हापासून तलावाकडे कोणी उतरलेले नाही. गुणाबाईंचा वर्षाचा धान बांधीत उभ्या उभ्या झडतो आहे, आणि त्याला कारण माझे परराष्ट्र धोरणावरचे टिपण आहे.

९. म्हणून काल मी स्वतः गुणाबाईंच्या घरी गेलो. हात जोडून सांगितले की बाई, मला वाघातले काहीही कळत नाही. पंजा कोणता आणि कुत्र्याचा पाय कोणता, हेही मला ओळखता येत नाही. उद्या माझ्या शब्दावर तुम्ही गेलात आणि काही बरेवाईट झाले, तर मी या गावात कसा राहू? त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मालूम आहे सर," त्या म्हणाल्या. "तुमाले काई समजत नाई, हे पयल्या दिवशीच समजलं."

मला बरे वाटायला हवे होते, पण खरे सांगायचे तर थोडे वाईट वाटले. मग इतके दिवस विचारायला कशाला येता, असे मी विचारले.

"तुमच्या दारात आलो का साऱ्या जणी जमतो. मंग संग जातो, संग वापस येतो. आंधी जिची ती एकटी जात होती. आता चीन हटत नाई म्हनून बाकीच्या भेल्या, त मीबी एकटी गेली नाई. सत्यशीलाचा माणूस एकटाच गेला होता, सर."

१०. महोदय, हा अर्ज मी परवा लिहावयास घेतला तेव्हा विषय वर लिहिल्याप्रमाणेच होता. काल संध्याकाळनंतर तो तसा राहिलेला नाही, परंतु कागद पुन्हा लिहिण्यास वेळ नाही. तरी विनंती अशी की माझे नाव जरूर कमी करावे, मात्र रोज सकाळी दार उघडून उभा राहील असा दुसरा माणूस मिळाल्यावरच कमी करावे. तोपर्यंत राहू द्यावे.

११. आज रविवार असल्याने हा अर्ज कार्यालयाऐवजी आपल्या निवासस्थानी देत आहे, क्षमा असावी. उद्या सकाळी गुणाबाईंची बांधी कापायचे ठरले आहे. महाविद्यालयातून मी रजा घेतली आहे. सल्लागाराने सर्वांच्या पुढे चालावे असे बायकांचे मत पडले असून मी त्यास होकार दिला आहे. मला फार भीती वाटते. आपले दोन वनरक्षक उजाडताना तलावाच्या पाळीवर पोचतील अशी व्यवस्था व्हावी. ते आल्यास मी आनंदाने मागे चालेन. न आल्यास आम्ही निघालेलो असू.

आपला नम्र,
आणि उद्या संध्याकाळपर्यंत तरी सल्लागार,

(सही)
अश्वजित मोटघरे
पळसटोला
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५