कात्री आत्याच्याच हातची

मांगेरे, ऑकलंड
१८ ऑगस्ट

प्रिय लोसेताई,

देवाच्या दयेने तू, भावोजी आणि तुझी डुकरं खुशाल असाल. आम्हीही आहोत. म्हणजे कसे आहोत, ते पुढे येईलच.

आधी गेल्या रविवारच्या फोनचा खरा हिशेब सांगतो. तुझी जमिनीतली उमूची भट्टी उघडायला उशीर झाला आणि अळूच्या पानांतलं लू तळापर्यंत करपलं. तुझी दुपारची प्रार्थना चुकली. पाद्र्याने नक्की विचारलं असणार. चाळीस मिनिटांत मी तुला पाण्याची टाकी, छपराचा पत्रा, पाद्र्याचा खोकला आणि काळ्या डुकरिणीची पिल्लं, एवढं विचारलं. शेवटी तू म्हणालीस, "पेनी, टाकी भरली आहे. आता काय ते बोल." आणि मी म्हणालो, "काही नाही ताई, सहजच." एवढं सगळं खर्ची पडलं ते त्या 'सहजच'साठी.

म्हणून हे पत्र. पाद्रीबाई मंगळवारच्या विमानाने वावाऊला येताहेत, त्या तुझ्या हातात देतील. एकटी असशील तेव्हा वाच.

पोरीला, आनासेइनीला, कॅन्सर आहे. हा शब्द मला लिहिता येतो, हे आत्ताच कळलं. जूनमध्ये ऑपरेशन झालं, डॉक्टरबाईंच्या मते छान झालं. तुला हर्नियाचं सांगितलं, ते खोटं होतं. बाळाला मार्चपासूनच बाटली लावली आहे, त्यावरून तू समजायचं ते समजशील. जावई गुणाचा आहे. बाटल्या उकळतो, लंगोट धुतो, आणि आपल्याला कुणी पाहत नाही असं वाटलं की गॅरेजमध्ये जाऊन रडतो.

तुझ्या भाचीचं कौतुक किती करू! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तिने दोन आवाजांत स्तोत्र म्हणायला लावलं. त्यातल्या एका चिनी आजींना तर एक शब्द कळत नव्हता, पण खालचा सूर त्यांनीच धरून ठेवला.

आणि तिथली नर्स, सिस्टर फिफिता. आपल्याच हापाई बेटांवरची आहे, तेव्हा तोंडाची फटकळ असणारच. पण डॉक्टरबाई तपासायला आल्या की ती मला डोळ्यानेच दाराबाहेर काढते आणि बाहेर आल्यावर म्हणते, "काका, जेवढं बापाने ऐकायचं तेवढंच सांगते." या परक्या हॉस्पिटलात आपला आब राखणारं कुणी असेल असं वाटलं नव्हतं. मीही हुशार माणूस, फावड्यावरून सुरुवात करून सात ट्रकांपर्यंत आलो. पण कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे त्या पोरीकडून शिकावं.

आता गप्प बसण्याचंच लिहितो.

फेब्रुवारीत दवाखान्यात एक फॉर्म दिला होता. आनासेइनीच्या कडेवर बाळ, म्हणून मी भरत होतो. त्यात विचारलं होतं, वडिलांच्या बाजूला कुणा बाईला हा आजार होता का? मी ऐटीत 'नाही' लिहिलं. त्या 'नाही'मुळे तिला तातडीच्या नव्हे, साध्या रांगेत लावलं. बोलावणं यायला साडेतीन महिने गेले.

नंतर तिचं रक्त तपासलं, मग माझं. ताई, जे आहे ते माझ्याकडून तिच्याकडे गेलंय. आपल्या बाबांच्या घरचं आहे. पुरुषांच्या अंगात ते गुपचूप बसून राहतं म्हणे.

डॉक्टरबाईंनी फॉर्म काढून विचारलं, "तुम्ही नाही असं कसं लिहिलंत?"

मी म्हटलं, "कारण मला कधी कुणी सांगितलं नाही."

फिफिता शेजारीच होती. म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही तोंगन बाप्याला त्याच्या आत्याच्या..." पुढचा शब्द तिने सरळ उच्चारला, मी लिहीत नाही. "...बद्दल विचारलंत? भिंतीला विचारलं असतं तर भिंतीने तरी 'नाही' म्हटलं नसतं. ती गप्प राहिली असती." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "काका, 'माहीत नाही' लिहायचं होतंत."

दोनच शब्द, ताई. एकाच्या जागी दोन लिहायचे होते.

तेव्हापासून मला फूसीआत्याचं घर आठवतंय. मी अकराचा होतो, तू सोळाची. आम्हा पोरांना काकांच्या झोपडीत झोपायला पाठवलं होतं. दिवसा नारळ गोळा करायचे, पण घराकडे फिरकायचं नाही. दाराला चटई लावलेली, आत उकळत्या पाल्याचा वास, आणि तुझं गाणं. सहा महिने तू शाळेत गेली नाहीस. तेव्हा वाटायचं, ही मजा करते, आत बसून गाणी म्हणते. बोट तेव्हा पंधरा दिवसांनी यायची, डॉक्टर त्याहून उशिरा. जे करायचं ते तूच केलंस, गरम पाण्याने, पाल्याने आणि तुझ्या आवाजाने. हॉस्पिटलात आता बघतो, चार नर्सा आळीपाळीने करतात ते काम. तू एकटीने केलंस आणि पंचेचाळीस वर्षांत एक शब्द बाहेर काढला नाहीस. काढायचाच नव्हता; भावापुढे बाईच्या अंगाचं बोलत नाहीत, आणि मी भाऊ ना. माझी तक्रार नाही. तुझी तर मुळीच नाही.

पण तू आत होतीस. आत्याला काय झालं होतं, ते तुला माहीत आहे. मी विचारत नाही. तू सांगू नकोस.

आता महत्त्वाचं. चार सप्टेंबरला आनासेइनीची औषधं सुरू होणार, मग केस गळतील. फिफिता आधीच केस काढायचं मशीन घेऊन आली, तर पोरीने कमरेपर्यंतची वेणी दोन्ही हातांत धरली. "याला हात लावायचा हक्क फक्त माझ्या आत्याला."

मी म्हटलं, "बाई गं, आत्या केस कापते ते बाप गेल्यावर. मी इथे उभा आहे."

"मग बाबा, आत्ताच कापून घेऊ. तुमच्या वेळी एक काम कमी!"

फिफिता इतकी हसली की मशीन खाली पडलं. डॉक्टरबाईंनी चौकशी केली, फिफिताने तीन वाक्यांत समजावलं, आणि बाईंनी फाईलवर स्वतःच्या हाताने लिहिलं: केस आत्याच कापेल. औषधांची तारीख मुळात अठ्ठावीस होती. तुझ्या विमानासाठी चारवर नेली.

तेव्हा तू ये. ३१ तारखेच्या शनिवारचं तिकीट सोबत आहे, रविवार प्रवासात मोडणार नाही. आनासेइनीच्या लग्नाच्या वेळचा व्हिसा अजून चालतो. सोमवारी तू केस काप. मंगळवारी सकाळी फिफिताने हॉस्पिटलातल्या तपासणीच्या खोलीत तुझ्यासाठी वेळ घेऊन ठेवली आहे. तिथे सगळ्या बायकाच असतात, मी त्या मजल्यावरही येणार नाही. खाली ट्रकमध्ये बसेन. फिफिता जे सांगेल ते कर, ताई. आनासेइनीसाठी नाही, माझ्यासाठी कर. लहानपणापासून तुझ्याकडे मागितलेलं हे पहिलंच. आपल्याकडे भाऊ बहिणीकडे मागत नाही, देतो.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते फिफिताचं आहे, अक्षरही तिचंच. जे मी लिहू शकलो नाही ते त्यात नावानिशी आहे. पाकीट मी उघडलेलं नाही.

फिफिताने विचारलं होतं, "काका, हे पत्र मी लिहू की आनासेइनी फोन करेल?" तेव्हा मी डॉक्टरबाईंच्या समोर छाती पुढे काढून म्हणालो होतो की माझ्या बहिणीला मीच सांगणार, आमच्यात लपवाछपवी नसते, तासाभराचं काम आहे.

आज सतरावा दिवस आहे.

तुझा भाऊ,
पेनिसिमानी