श्रवण सहायक

३ मार्च, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की माहीत आहे, कारण घड्याळ डॉक्टरबाईंच्या डोक्यावरच होतं आणि त्यांच्या डोळ्यांत बघायची माझी छाती होत नव्हती. अर्जात मी सरळ लिहिलं होतं : कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं, कारण मारामारी. वाटलं, आता नेहमीचं कीर्तन सुरू होणार. पण बाईंनी अर्ज खाली ठेवला आणि म्हणाल्या की त्यांना असाच मुलगा हवा होता. डॉक्टरकी न शिकलेला, आणि शक्यतो काहीच पुरं न शिकलेला. शिकलेला माणूस ऐकत नाही, मध्येच शहाणपण पाजळतो, असं त्यांचं मत. जन्मात पहिल्यांदा माझा नाकर्तेपणा पात्रतेच्या रकान्यात बसला!

काम असं : या दवाखान्याला 'प्राथमिक आरोग्यसेवेतील नवकल्पना' म्हणून एक अनुदान मिळालं आहे. डॉक्टर एक, पेशंट रोजचे ऐंशी. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच पुढचा दारात. म्हणून जुनी दुखणी असलेल्या तीसेक जणांनी आधी माझ्यासमोर बसायचं, दहा मिनिटं बोलायचं, मी ऐकायचं. हुद्दा : श्रवण सहायक. इथल्या सिस्टर म्हणाल्या, दारावर पाटी लावू नकोस बाबा, लोक कानाचं मशीन मागायला येतील. सिस्टर पन्नाशीच्या. जिभेला हाड नाही, पण मनाने लाख.

राहायला खोली बेकरीवाल्या काकांच्या वरची. खालच्या भट्टीमुळे भिंतीला हात लावला की कोमट लागतं. काकूंनी पाव आणि चहा वर पाठवला आणि भाड्याचं नंतर बघू म्हणाल्या.

जिच्यासाठी हे सगळं, तिला लगेच कळवलं. कँटीनमध्ये मी तिच्या दादाची कॉलर धरली, तेव्हापासून ती मला काडेपेटी म्हणते. तिची अट एकच : दोन महिने एका जागी टिकून दाखव, डोकं शांत ठेव, मग मी घर सोडून येते. दोन महिने म्हणजे साठ दिवस. डोक्यावर बर्फाची लादी ठेवून काढीन.

४ मार्च, मंगळवार

शिकवणी झाली. एक फॉर्म आहे. कुठे दुखतं, कधीपासून, आणि शून्य ते दहामध्ये किती. मग पेशंटने बोलायचं. मी मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही, धीर द्यायचा नाही. नजर त्याच्या गळ्यावर ठेवायची आणि आपला श्वास त्याच्या श्वासाला लावून घ्यायचा. दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचं, आता किती. फॉर्मवर चौकोन दोनच, आधीचा आकडा आणि नंतरचा. नंतरचा तीनच्या आत आला तर पेशंटला बाईंकडे पाठवायची गरज नाही, सरळ घरी. यालाच म्हणे नवकल्पना म्हणतात.

सराव म्हणून बाईंनी मला विचारलं, कुठे दुखतं. मी म्हणालो छातीत, डावीकडे, दोन वर्षांपासून, आठ. सिस्टर फिसकन हसल्या. बाई म्हणाल्या, बोल, मी ऐकते. मी नाही म्हणून सांगितलं. हे दुखणं माझी खासगी मालमत्ता आहे, दुसरी काही नाहीच. बाईंना राग आला नाही. त्यांना कशाचाच येत नसावा. उकळता चहा त्या पाण्यासारखा एका दमात प्यायल्या. मी मात्र फुंकर मारत बसलो.

१२ मार्च, बुधवार

काय सांगू! मला जमतंय. सातचे चार होतात, सहाचे दोन. रिटायर झालेले पोस्टमन येतात, छातीत जळजळ म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, माझं ऐकायला कुणी नव्हतं, म्हणाले. पाच महिन्यांच्या बाळाची आई येते. बाळ रात्रभर रडतं, तिची पाठ आणि डोकं दोन्ही ठणकतं, आणि त्याला काही झालं तर, या भीतीने पापणी लागत नाही. बोलता बोलता ढसाढसा रडली. उठताना चेहरा कसा धुतल्यासारखा होता.

आमच्या घरी माझं कुणी ऐकलं असतं तर मी असा झालो नसतो. असो. तिचा मेसेज आला, नऊ दिवस झाले, काडेपेटी अजून ओली आहे ना? तो अठरा वेळा वाचला. छातीत आठ. साडेआठ.

२० मार्च, गुरुवार

पहिलं शून्य मिळालं. पोस्टमनकाकांचं. सातावरून थेट शून्य! नियमाप्रमाणे घरी पाठवलं. जाताना शीळ घालत गेले. मग बाळाच्या आईचंही शून्य. दिवसात चार.

संध्याकाळी बेकरीत गल्ल्यापाशी उभा होतो. बेकरीवाले काका गुडघ्याचं रडगाणं सांगू लागले. मी सवयीने ऐकलं, फॉर्म नाही, खुर्ची नाही. पाव मोजता मोजता काका थांबले, पाय हलवून बघितला, आणि जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढून दाखवला. काकू म्हणाल्या, पोराच्या कानाला गुण आहे हो. मला हसू आलं. पण जिना चढताना काकांचा गुडघा कटकट वाजत होता, तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

२८ मार्च, शुक्रवार

अनुदान देणाऱ्या संस्थेचे साहेब तपासणीला आले. आकडे बघून खूश. मग स्वतःच खुर्चीत बसले, पाठदुखी नऊ. दहा मिनिटांनी शून्य. पाठीला लावायची उशी खुर्चीतच विसरून गेले. पुढच्या टप्प्यात असे चाळीस दवाखाने करायचे म्हणतात, आणि तिथल्या चाळीस पोरांना मी शिकवायचं. मी! ज्याला कॉलेजने हाकललं.

सिस्टरना म्हटलं, बसा की तुम्हीही एकदा. त्या दोन पावलं मागे सरल्या. माझी कंबर माझ्याकडेच राहू दे म्हणाल्या. ती बोंबलते म्हणून मला कळतं, आज वाकायचं नाही. हसत म्हणाल्या, पण दारातून आत आल्या नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

पोस्टमनकाका गेले. टेबलाशी बसल्या जागी, चष्मा डोळ्यांवर. सिस्टर म्हणतात हृदय. एरवी आधी दुखतं माणसाला, ओरडतो, धावाधाव होते. शेजारी म्हणाले, सकाळपासून ओठ निळे होते, तरी मजेत पेपर वाचत होते.

मी त्यांचा फॉर्म काढला. सात. शून्य. घरी. खाली माझी सही.

बाईंना दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, फॉर्म नीट भरला आहे.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी खालून काकूंची किंकाळी. धावत गेलो. काकांनी भट्टीतला पत्रा उघड्या हातांनी बाहेर काढला होता आणि तो धरून उभे होते. वास पावाचा नव्हता. काका काकूंना विचारत होते, अगं ओरडतेस कशाला? मी पत्रा हिसकला. तळव्याची कातडी पत्र्यावर राहिली.

माझ्या तोंडून निघून गेलं, किती दुखतंय? शून्य, काका म्हणाले. आणि हसले. माझे आभार मानले.

८ एप्रिल, मंगळवार

दवाखान्याच्या पायरीवर बाळाची आई. मांडीवर बाळ, रडून रडून घशातून नुसता श्वास येत होता. ती रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. मी म्हटलं, बाळ रडतंय. हो, रडतंय सकाळपासून, म्हणाली. कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं. सिस्टरनी बाळ ओढून घेतलं. अंग नुसतं भाजत होतं. वाचेल म्हणाल्या. उद्या आणलं असतं तर नसतं वाचलं.

आईला विचारलं, भीती नाही वाटली? तिने खरंच विचार केला. म्हणाली, वाटायची. पण तुम्हाला सांगितली ना.

म्हणजे गुडघेच नाहीत. पाठच नाही. सगळंच—

९ एप्रिल, बुधवार

नीट लिहून ठेवतो. खुर्चीत काही नाही. फॉर्ममध्ये काही नाही. आमच्या ऐकण्यात आहे. बाईंनी शिकवलेलं ते ऐकणं एकदा अंगात भिनलं की बेकरीतही होतं, कुठेही होतं. मला आता साधं ऐकता येत नाही. आज काकू काकांच्या हाताचं सांगत होत्या तर माझे डोळे आपोआप त्यांच्या गळ्यावर गेले. मी कान दाबून जिना चढलो.

ती आली की तिचं ऐकायचं नाही. एक शब्दही नाही. तिचा राग, तिचं रडणं, मी— तिच्यात मी जिथे दुखतो ती जागा— सगळं पुसलं जाईल. ती बोलायला लागली की उठून जायचं. काही झालं तरी उठून जायचं.

आणि उद्या बाईंना फाडून खातो. बंद करा म्हणतो हा धंदा. चाळीस दवाखाने! पेन दाबून कागद फाटला. फाटू दे. राग माझा आहे तोवर—

१० एप्रिल, गुरुवार

गेलो. बाईंनी दार लोटलं, समोर बसल्या, हात गुडघ्यांवर. मी ओरडलो. पोस्टमनकाका, तळवे, बाळ, सगळं ओरडलो. कुणी उलट बोललं असतं तर मी थांबलो असतो. त्या गप्प, म्हणून मी आणखी ओरडलो. मग कुठून कसं कोण जाणे, तिचं निघालं. कँटीन. कॉलर. बसस्टॉपवर तिने ओल्या वेणीने माझ्या हातावर मारलेला फटका. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

मग दिसलं. बाई माझ्या गळ्याकडे बघत होत्या. त्यांचा श्वास माझ्याबरोबर वर, माझ्याबरोबर खाली. मला कळलं. कळलं, तरी तोंड थांबेना. इतकं बरं वाटत होतं— आई गं— इतकं बरं—

त्यांनी घड्याळ बघितलं. विचारलं, आता किती.

मी

११ एप्रिल, शुक्रवार

छान झोप लागली. चहा गरम होता म्हणे. जिभेची साल निघाली आहे.

शून्य.

१५ एप्रिल, मंगळवार

एकतीस पेशंट. एकतीस शून्य. सिस्टरनी नोकरी सोडली. जाताना माझे खांदे धरून गदागदा हलवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझा काय राग आहे तो काढ माझ्यावर, म्हणाल्या. मी शोधला. नव्हता.

२३ एप्रिल, बुधवार

काकांचा उजवा हात मनगटापासून काढला. डाव्या हाताने टाटा करतात. काकू माझ्याशी बोलत नाहीत. चाळीस पोरांची यादी आली. बहुतेक कॉलेज सोडलेले.

२९ एप्रिल, मंगळवार

तिचा मेसेज. शनिवारी येते, घरी सांगून टाकलं, दादाने दार लावून घेतलं माझ्यावर. मी नुसतं 'ठीक' लिहिलं.

डाव्या बरगडीखाली बोटाने दाबून बघितलं. बरगडी आहे.

३ मे, शनिवार

ती आली. एक बॅग. दादाने हात पिरगाळला होता, मनगटावर वळ आहे. मला बघून हसली, काडेपेटी खरंच शांत झाली की रे, म्हणाली. दोन तास ती खूश होती. मग बघत राहिली. माझा हात हातात घेतला, दाबला, नख रुतवलं. रक्त आलं. मी बघितलं.

मग रडायला लागली. तिला सगळं सांगायचं आहे. साठ दिवस कसे काढले, घरात काय झालं, आई काय म्हणाली. फक्त एकदा नीट ऐक माझं, म्हणते.

तोंड धुवायला गेली आहे. तेवढ्यात लिहितो.

मागची पानं वाचली. नऊ एप्रिलला पेन दाबून कागद फाटला आहे. लिहिणारा फार चिडलेला असावा. त्याला तिची काळजी होती. मला नाही. पण काय करायचं ते त्याला माहीत होतं, मला माहीत नाही. मघाशी ती दोन-तीन वाक्यंच बोलली, आणि माझी नजर तिच्या गळ्यावर गेली. श्वास लागला. दुसऱ्या वाक्याला तिचा आवाज सपाट झाला. तिसऱ्याला तिने डोळे पुसले आणि म्हणाली, बरं वाटतंय रे.

तेव्हा मीच म्हटलं, तोंड धुऊन ये.

दहा मिनिटं पुरतील. मग तिलाही छान झोप लागेल. वळही दुखणार नाही. कशासाठी घर सोडलं ते आठवेल, पण—

नळ बंद झाला.

वही उघडी ठेवतो. तिला वाचू दे. वाचून ओरडू दे, भांडू दे, शिव्या देऊ दे. मी नसलो की ते तिच्याजवळ राहील. तू स्टेशनजवळ राहणाऱ्या सिस्टरकडे जा, त्यांचा नंबर मागच्या पानावर. त्या साधं ऐकतात.

ती आली. म्हणते, ऐक ना—

उठलो. जातो. ती मागून नावाने हाक मारते— वही इथेच ठेवतो, दार बाहेरून ओढून घेतो