कॅलिपरच्या रंगाविषयीचा अंतिम निर्णय

१२ सप्टेंबर. सकाळ.
निर्णय घेतला. कॅलिपर रंगवावयाचे. कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतील तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडून गाडी थांबविणारा जबडा. (व्याख्या माझी. दुकानाच्या माहितीपत्रकातील व्याख्येला कर्ताच नाही.) माझ्या गडद हिरव्या, दोन आसनी, उघडत्या छताच्या गाडीच्या चाकांतून ते गंजलेले दिसतात. पत्नी शिझुए एप्रिलपासून गाडीत बसत नाही. कारण आज उमगले: सुसंस्कृत स्त्रीला गंज सहन होत नाही. एप्रिलमध्येच बँकेच्या कुंपणाला गाडी किंचित लागली होती, परंतु त्याचा येथे संबंध नाही.
३ नोव्हेंबरला तळ्याकाठी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. शिझुए माझ्या शेजारी बसून येईल. रंग आठवड्याभरात ठरेल.

१५ सप्टेंबर.
इवादारेच्या दुकानात गेलो. माझा माजी विद्यार्थी. निबंधावर स्वल्पविराम तिळासारखे भुरभुरवीत असे. म्हणाला, सर, हिरव्याला लालच, डोळे मिटून घ्या. रंग, आणि डोळे मिटून! या मुलाला मी उत्तीर्ण कसे केले? लाल डबा घेतला.

१६ सप्टेंबर.
शिझुए म्हणाली, अहो, साठीला लाल अंगरखा घालून फोटो काढलात ना, तेवढं लाल पुरे झालं. आता सत्त्याहत्तरावं लागेल तुम्हाला. तिचे म्हणणे यथार्थ आहे. आपल्या जपानी रिवाजाप्रमाणे साठीचा रंग लाल, सत्त्याहत्तरीचा जांभळा. या वयात लाल मिरविणे म्हणजे उघड उघड वय चोरणे होय.
जांभळा. निर्णय अंतिम.

२ ऑक्टोबर. दुपार.
उजवे पुढचे चाक काढले. तारेच्या ब्रशने गंज घासला, कागदी पट्ट्या चिकटविल्या, दोन हात दिले. साडेतीन तास. कंबर. शिझुए वाळत घातलेले कपडे काढावयास आली. गाडीकडे पाहून म्हणाली, वांग्याचं लोणचं दिसतंय अगदी. आता तरी गाडीत बसशील का, असे विचारले. लोणच्यावरून आठवलं, बरणी फ्रीजमध्ये ठेवायची राहिली, असे म्हणून आत गेली. हे उत्तर नव्हे.

९ ऑक्टोबर.
एकेक रंग मनात आणून निवड करणे अशास्त्रीय आहे. चार चाके, चार रंग, मग निःपक्षपाती तुलना. जांभळा आहे, लाल घरी आहे. पिवळा व चंदेरी आणावयास गेलो. इवादारेने विचारले, सर, चारही वेगळे? नक्की ना? शिक्षकाला 'नक्की ना' असे विचारू नये, हे त्याला सांगितले. तो सॉरी म्हणाला, पण हसत.

२० ऑक्टोबर.
चारही पूर्ण. अनपेक्षित अडचण: कोठेही उभे राहिले तरी एका वेळी दोनच चाके दिसतात. तिसऱ्यापर्यंत जावे, तोवर पहिला रंग विसरतो. गाडीभोवती एकतीस फेऱ्या घातल्या. शिझुएने खिडकीतून विचारले, अहो, काही हरवलंय का?

२ नोव्हेंबर.
रंग ठरला: गडद राखाडी. मात्र पाच दिवस पडणारा पाऊस आजच थांबला, हवा अजून दमट आहे. दमट हवेत रंग देऊ नये, असे डब्यावर लिहिले आहे. वाक्यरचना सदोष, अर्थ स्पष्ट. म्हणजे उद्या चार रंगांनिशी जावे लागणार. शिझुएला सोबत येण्याविषयी विचारले. ती म्हणाली, मी बसने येते, तिथेच भेटू. तिचा संकोच मी समजू शकतो. अशा विचित्र चाकांच्या गाडीतून कोण उतरेल?

३ नोव्हेंबर. सायंकाळ.
चाके दिसू नयेत म्हणून गाडी उंच गवतात लावली. तरुणांनी गवतात आडवे पडून फोटो काढले. होसाका नावाची एक परिचारिका, वय सव्वीस, गाडीला फेरी घालून ओरडली, अय्या, चारही वेगळे! सर, तुम्हाला सुचलं कसं हो? काम अपूर्ण आहे, असे मी म्हणालो. मग पूर्ण करूच नका, असे तिने मला बजावले. गाडी विकणार का, असेही विचारले. मी नाही म्हणालो. शिझुए मागे तांदळाचे लाडू खात उभी होती. ती म्हणाली, तरी नंबर लिहून देऊन ठेव हो, बाळ.
निघताना चहाच्या दुकानाची पाटी मध्ये आली. मी थांबलो. वीतभर अंतर राहिले होते, म्हणजे पुरेसे. रांगेतील माणसे विनाकारण पळाली.

१० नोव्हेंबर.
ऊन. राखाडी डबा उघडणार, एवढ्यात शिझुएने चहा आणून समोर ठेवला आणि स्वतःही बसली. म्हणाली, अहो, रंगाचं काही नाही हो. तुम्ही ब्रेक उशिरा लावता. एप्रिलपासून माझा जीव मुठीत असतो. तुम्ही एकटे गेलात तरी परत येईपर्यंत तसाच.
राखाडीने ही भीती कमी होईल का, असे मी विचारले.
ती उठून गेली. तिचा चहा तसाच राहिला.

११ नोव्हेंबर.
डबा उघडला नाही. होसाकाचा नंबर फ्रीजच्या दारावर लावलेला आहे. दूध काढताना सहा वेळा वाचला. सातव्या वेळी फोन लावला.

२२ नोव्हेंबर.
होसाका कागदपत्रे घेऊन आली. तिची अट एकच: मी रंगांना हात लावावयाचा नाही. सही करण्यापूर्वी गाडी चालवून पाहते, म्हणाली. रस्ता दाखवावयास शिझुए स्वतःहून शेजारी बसली. चाळीस मिनिटे मी फाटकाशी उभा होतो. परत आल्या तेव्हा दोघी कशावरून तरी हसत होत्या. शिझुएचे दोन्ही हात मांडीवर होते. माझ्यासोबत ती दाराची मूठ धरून बसत असे. तो मी तिचा गाडीवरील लोभ समजत आलो होतो.
सही केली. अक्षर चांगले आले नाही.

२९ नोव्हेंबर.
शिझुएसह बसने बाजारात गेलो. वेळापत्रकात दोन मुद्रणदोष; पत्र लिहावयाचे आहे. ती माझ्या शेजारी बसली. चालक प्रत्येक थांब्यावर बस अशी थांबवीत होता की, तिच्या पिशवीतील टोफूही हलला नाही. माझ्याकडे पाहून ती काही बोलेल, अशी तयारी ठेवली होती. उत्तरही मनात रचून ठेवले होते, तीन वाक्यांचे.
तिसऱ्या थांब्यानंतर ती माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपी गेली.
माझ्या गाडीत, सव्वीस वर्षांत, ती एकदाही झोपली नव्हती.