तुझा फोन आला होता

६ जानेवारी
पोहोचले एकदाची! खोली तिसऱ्या मजल्यावर, टेबल एका पायानं लंगडं, पण खिडकी मोठी आणि खोली एकटीची. आमच्या विभागाचं नाव इतकं लांब की दारावरच्या पाटीत मावलेलंच नाही. ‘संपर्क तंत्रज्ञान आणि संस्कृ’वर पाटी संपते. मार्गदर्शक बाई कडक असतील अशी धास्ती होती, पण त्यांनी चहा पाजला आणि पाच मिनिटांत प्रबंधाचा विषयही पक्का केला : परगावी शिकणाऱ्या मुली घरच्यांशी फोनवर काय बोलतात. सुरुवात स्वतःच्या घरापासून कर, म्हणाल्या. बोलणं रेकॉर्ड करू का, असं आईला विचारलं तर ती म्हणाली, माझ्या बडबडीवर कुणाला डिग्री मिळत असेल तर दिवसभर बोलेन की!

२० जानेवारी
चौदा फोन रेकॉर्ड झाले. आता शब्दन्‌शब्द उतरवून काढतेय. आईचा प्रत्येक फोन ‘जेवलीस का?’नं उघडतो, आणि ‘ठेवू मग?’ म्हटल्यावर आणखी दहा मिनिटं चालतो. ‘बरं’ ती सहा तऱ्हांनी म्हणते. रागाचं ‘बरं’ सगळ्यात छोटं. बाबा गेल्यापासून तिला बोलायला माणूस नाही, हे कागदावर पाहिल्यावर लक्षात आलं. दादा घरातच असतो, पण तोंडात मिठाची गुळणी धरून.

२ फेब्रुवारी
संध्याकाळी फोन केला तर आई म्हणाली, सकाळी तासभर बोललो की, परत कशाला? सकाळी मी वर्गात होते. वय झालंय तिचं, म्हणून सोडून दिलं.

५ फेब्रुवारी
आई नाही, मीच खुळी. बाईंनी आज अगदी सहज सांगितलं. माझे सगळे फोन त्यांनी प्रयोगशाळेतल्या यंत्राला ऐकवलेत, आणि ते आता माझ्या आवाजात घरी फोन करतं. आईला फरक कधी कळतो, हे त्यांना पाहायचं होतं. मी नको नको ते बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, परवानगी होती ना? शेवटी बंद करायला तयार झाल्या. तिथल्या तंत्रज्ञ मुलानं माझ्यासमोर वायरी उपटल्या, यंत्र कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली मी मागून घेतली.
आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘बरं.’ छोटं.

९ फेब्रुवारी
यंत्र कपाटात. किल्ली माझ्या पर्समध्ये. तरी आज सकाळी घरी ‘माझा’ फोन गेला.
संध्याकाळी मी फोन केला तर आई रडत होती. म्हणाली, बोलून टाकलंस, बरं झालं. बाबांचा शेवटचा फोन तुलाच होता आणि तू तो कापलास, हे मनात ठेवून किती कुढलीस गं.
हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. एकाही रेकॉर्डिंगमध्ये नाही. या वहीतसुद्धा नाही.

११ फेब्रुवारी
कपाट उघडून पाहिलं. यंत्र तसंच, थंडगार. तंत्रज्ञ म्हणतो, ऐकवलं तेवढंच त्याला येतं. मग हे बोलतंय ते —
बाई रजेवर गेल्यात. किती दिवस, कुणाला माहीत नाही.

१२ फेब्रुवारी
आईनं माझा आवाज ऐकला आणि फोन दादाकडे दिला. दादा जन्मात इतकं बोलला नसेल. म्हणाला, माझ्या बहिणीनं आधीच बजावलंय, तिच्या आवाजात कुणीतरी फोन करेल म्हणून. पुन्हा केला तर पोलिसांत जाईन.
दादा, अरे मी —
ठेवला.

१३ फेब्रुवारी
सकाळच्या बसनं निघाले. तोंड पाहिल्यावर तरी ओळखतील. तोंड तर माझंच आहे.

दुपार. आईनं दाराची साखळी न काढताच पाहिलं मला. केसांपासून चपलांपर्यंत, सावकाश. मग विचारलं, “कोण हवंय तुम्हाला?”
तुम्हाला.
दार लावलं. पायरीवर बसून लिहितेय —

आत फोन वाजला. आईनं स्पीकरवर लावलाय. माझा आवाज. आई विचारतेय, काय करू गं, दारातच बसलीय —
आवाज म्हणतोय, “आई, तिला आत घे. मी बोलते तिच्याशी.”

साखळी निघाली. आई फोन पुढे धरून उभी. हसतेय, पण माझ्याकडे बघून नाही, फोनकडे —
घ्या म्हणतेय, बोला —
मी तोंड उघडतेय. आवा