आवाज अस्पष्ट

बाबा, आज सकाळी मी माझंच एक जुनं भाषण आवाज बंद करून पाहिलं. तुम्ही असता तर हसला असतात, कारण तुम्ही माझी सगळी भाषणं तशीच पाहिलीत. वर्ध्याला ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत एक बाई शिकवतात. माझी जुनी भाषणं त्यांना वर्गात दाखवायची आहेत, म्हणून बाई भाषणांना कॅप्शन लावतायत. कॅप्शन म्हणजे बोलणाऱ्याच्या चित्राखाली, त्याच्या बोलण्याबरोबर उमटणारी अक्षरं. मुलं ती वाचून भाषण समजून घेतात आणि वाचता वाचता भाषाही शिकतात. सेवाग्रामच्या दवाखान्यात केरळहून आलेल्या एका नर्सने अशाच अक्षरांवरून मराठी उचलली, असं बाई सांगत होत्या. तुमच्या वेळी हे कुठे असेलही, पण नाचणगावात आपल्या घरापर्यंत आलं नव्हतं. तुम्ही टीव्हीवर फक्त बातम्या बघायचात, कारण बातम्या देणारी बाई समोर तोंड करून बोलते. सिनेमा लागला की उठून जायचात. सिनेमातले लोक पाठ फिरवून बोलतात, असं तुम्ही वैतागून म्हणायचात.

बाईंनी आधी मशीनकडून अक्षरं काढून घेतली आणि दुरुस्तीला माझ्याकडे पाठवली. मी सभेत 'काऊन रे', म्हणजे 'का रे', म्हणालो होतो, तर मशीनने लिहिलं, 'काउंटर'. आपली बोली त्याला येत नाही. म्हणून गेला महिनाभर रोज सकाळी मी माझीच वाक्यं ऐकतो आणि टाइप करतो. हे काम मी आवडीने घेतलं. ऐकू न येणाऱ्यापर्यंत शब्द पोचवणं ही कोणाची मेहरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे, ज्या सभेत त्याच्यासाठी अक्षर नाही ती सभा अर्धीच भरलेली आहे, असं मी अलीकडेच एका व्यासपीठावर ठणकावून सांगितलं. टाळ्याही पडल्या. तुम्हाला टाळ्यांचं माहीतच आहे.

पुलगावच्या कापड मिलमध्ये, मागांच्या खात्यात, तुमची उमर गेली. मी लहानपणी एकदा तुमचा डबा घेऊन आत आलो होतो. तो आवाज कानात नाही, छातीत शिरतो. अंग थरथरतं. आणि त्या आवाजात तुम्ही दहा हात दूर उभ्या असलेल्या माणसाशी गप्पा मारताय. दोघांच्याही तोंडातून आवाज निघत नाही, नुसते ओठ हलतायत, मधूनच एखादं बोट वर होतं आणि दोघं हसता. खात्यातले सगळेच तसे बोलायचे. तिथे ओरडण्यात अर्थ नव्हता. मग हळूहळू तुमचे कान गेले आणि घरातही आम्ही तुमच्याशी तसंच बोलायला लागलो. आई पीठ मळता मळता तुमच्याकडे तोंड करून, आवाज न काढता, गावभरच्या बातम्या सांगते आहे आणि तुम्ही चुलीजवळ बसून तिच्या ओठांकडे पाहताय, हे मला आत्ताही दिसतं. माझं भाषणही तीच तुम्हाला सांगायची. मी तासभर रान पेटवून आलेलो असायचो आणि ती दोन वाक्यांत सांगायची, "पोट्टा म्हणे शिका. घंटाभर तेच म्हणत राह्यला."

तरी तुम्ही प्रत्येक सभेला यायचात. धुतलेला पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसायचात, मिलमधले तुमचे जोडीदार शेजारी. त्यांच्या हातांकडे तुमचं लक्ष असायचं. त्यांनी टाळी वाजवली की तुम्ही वाजवायचात, क्षणभर उशिरा. माझे कार्यकर्ते त्यावर हसायचे आणि मला लाज वाटायची. एकदा घरी जाताना तुम्ही म्हणालात, "माईक जरासा खाली धरजो."

मी म्हणालो, "तुमाले ऐकू येत नाई, अन् माईकचं तुमी मले सांगता?"

तुम्ही माझे ओठ वाचलेत, मान हलवलीत आणि पुढे चालू लागलात. माईकचं पुन्हा कधी बोलला नाहीत. मागच्या महिन्यात याच बाई मला म्हणाल्या, "सर, तुमचं तोंड सतत माईकमागे असतं. मुलांना ओठ दिसत नाहीत, म्हणून अक्षरांची जास्त गरज आहे." फोन माझ्या कानालाच होता. त्या विचारत होत्या, सर, ऐकताय ना.

आता त्या भाषणाबद्दल. जयंतीची सभा, चौकात पाय ठेवायला जागा नाही. पुलगावचा लग्नाचं शूटिंग करणारा माणूस पहिल्या रांगेशेजारी कॅमेरा घेऊन उभा आहे. मी शिक्षणावर बोलतोय. अशा वेळी सगळ्यात महत्त्वाची ओळ मी माईकशिवाय म्हणायचो. माईक छातीपर्यंत खाली घ्यायचा, दोन क्षण थांबायचं आणि नुसत्या गळ्याने बोलायचं. माझा आवाज तेव्हा तेवढा होता. त्या दिवशी मी माईक खाली घेतला आणि म्हणालो, "हा समोर बसला आहे तो माझा बाप. अंगठाछाप आहे. याला एक अक्षर वाचता येत नाही. आणि त्याचा पोरगा आज तुमच्यापुढे उभा आहे." चौक दणाणला.

तुम्हाला वाचता येत होतं, बाबा. विहारात दर रविवारी बसून, डोक्याचे केस पिकायला लागल्यावर, लहान पोरांच्या पाटीवर तुम्ही अक्षर शिकलात. पाळी संपवून आलात की ओसरीवर पेपर उघडायचात, ओळीखाली बोट ठेवून शेवटच्या पानापर्यंत वाचायचात. कान गेल्यावर जगाशी तुमचा तेवढाच संबंध उरला होता. हे मला माहीत होतं. पण अंगठाछाप बाप सभेत चालतो, रविवारी पाटी घेऊन बसलेला बाप समजावून सांगायला वेळ लागतो. आणि तुम्हाला ऐकू येत नाही, माझं भाषण तुमच्यापर्यंत आईच्या दोन वाक्यांतच पोचतं, या भरवशावर मी ते तुमच्यासमोर बोललो.

त्यानंतर तुम्ही माझ्या लोकांसमोर पेपर वाचेनासे झालात. फाटक वाजलेलं तुम्हाला कळायचं नाही, पण कोणी अंगणात दिसलं की घडी करून गादीखाली. एकदा एका कार्यकर्त्याने तुमच्या शेजारी बसून, "काका, पेपरात काय आलं तं सांगतो," म्हणत मोठमोठ्याने बातम्या वाचून दाखवल्या. तुम्ही त्याच्या तोंडाकडे पाहत अगदी गुणी विद्यार्थ्यासारखी मान डोलवलीत. माझा समज झाला की तुमची नजर कमी झाली. मी नागपूरहून चांगला चष्मा करून आणला. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात आणि डबीत ठेवून दिलात. तुम्ही गेल्यावर आईने गादी उचलली तेव्हा खाली घडी केलेला पेपर होता आणि घडीत तो चष्मा. काचेवर बोटांचे ठसे होते. तेव्हाही मला काही समजलं नाही. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस वस्तू लपवतो.

त्या चार वाक्यांपाशी येऊन माझं टायपिंग थांबलं. मी आधी लिहिलं, 'हा चाळिशीत अक्षर शिकला.' मग खोडलं. कॅप्शनमध्ये बोललेलंच लिहायचं, सुधारून लिहायचं नाही, हा बाईंचा पहिला नियम, आणि तो बरोबर आहे. मी जागा रिकामी सोडली. बाईंनी लगेच विचारलं, "सर, इथे तुमचे ओठ हलतायत आणि खाली काहीच नाही. मुलं विचारतील." मी म्हणालो, माईक खाली होता, तिथे आवाज नीट येत नाही. त्यांनी विश्वास ठेवला आणि तिथे लिहिलं, 'आवाज अस्पष्ट'.

आणि आज सकाळी मी ते आवाज बंद करून पाहिलं. मी माईक खाली घेतो. तोंड पूर्ण दिसतं, प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, मागांच्या खात्यात कोणी बोलावं तसा. पुढच्याच क्षणी कॅमेरा पहिल्या रांगेवर येतो. तुमचे जोडीदार तुमच्याकडे वळून पाहतायत, त्यांचे हात गुडघ्यांवर आहेत. तुम्ही त्यांच्या हातांकडे पाहत नाही. माझ्याकडे पाहताय. आणि अख्ख्या चौकात पहिली टाळी तुम्ही वाजवता.

मी ते नऊ-दहा वेळा मागे नेऊन पाहिलं. दर वेळी पहिले तुम्हीच.

बाईंना सांगायला हवं की आवाज स्पष्ट आहे, मी काय बोललो ते सांगतो, लिहून घ्या. आणि तेवढ्यावर थांबू नये, मुलांसमोर जाऊन उभं राहावं आणि तोंडापुढे काही न धरता सांगावं की तो माणूस वाचत होता. दुपारी फोन हातात घेतला होता. ठेवून दिला. हे तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, बाबा. तुम्ही कोणाला सांगणार नाही, ही माझी खात्री तेव्हाही होती.