वन्सं, विजेचं बिल भरलं!

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नका. घरात धडधाकट लेक आहे, त्याला पळवा (माझं नाव सांगू नका). आम्ही सगळे मजेत. मजेत म्हणजे काय, आज इतका आनंद झालाय की घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

विजेचं थकलेलं बिल भरलं! सगळंच्या सगळं! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण तुमच्या बंधूंचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. बिल आलं की न उघडता गादीखाली सारायचं, म्हणजे ते आलंच नाही. (गादी एका बाजूने उंच व्हायला लागली तेव्हा मला संशय आला.) शेवटी शुक्रवारी वीज तोडणार अशी नोटीसच दारावर चिकटली. आता दार काही गादीखाली सारता येईना. इकडे माझ्या शिलाई मशीनला मोटर, आणि शाळेच्या गणवेशांची भलीमोठी ऑर्डर अंगावर. वीज गेली की ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की किराणावाल्याला तोंड दाखवायची सोय नाही.

वीज कंपनीच्या कचेरीत थकबाकीदारांना मार्ग काढून द्यायला एक बाई बसतात, असं कळलं. तुमच्या बंधूंना दंडाला धरून नेलं. चारचौघांत अब्रू जाईल म्हणत होते. मी म्हटलं, अंधारात बसल्यावर ती कोणाला दिसणार आहे? बाई भल्या. हप्ते बांधून देते म्हणाल्या, पण निम्मी रक्कम शुक्रवारच्या आत हवी. मग घरात विजेवर काय काय चालतं ते विचारायला लागल्या. पंखा, दिवे, मशीन, इस्त्री. तुमच्या बंधूंनी लगेच इस्त्री माझ्या नावावर घातली (इस्त्री मी करते, शर्ट त्यांचे). एवढ्यावर एवढं बिल होत नाही, आणखी काय आहे, असं बाईंनी विचारल्यावर मात्र हे छताकडे बघायला लागले. मग मलाच तोंड उघडावं लागलं.

वन्सं, राग मानू नका. आइसक्रीमचा धंदा बंद केलात तेव्हा तुमचा तो मोठा फ्रीझर चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे ठेवलात ना, तो अजून चालूच आहे. रिकामा. (मटारची एक पिशवी आहे आत, तीही तुमचीच.) बंद ठेवला तर खराब होईल, असं तुमच्या बंधूंचं म्हणणं. म्हणजे वीज वाचवायला पंखा बंद करून आम्ही घामाघूम, आणि मटार मात्र गारेगार. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि तो फ्रीझर विकून टाका म्हणाल्या. तुमचे बंधू ताडकन उठले.

"माझ्या ताईची वस्तू आहे. तोडा वीज."

मी कपाळावर हात मारला. पण देव पाठीशी होता म्हणा, माझं डोकं चाललं म्हणा, आज बिल भरलंय, मशीन धडधडतंय, गणवेशांची चळत वाढतेय, आणि मला अक्षरशः नाचावंसं वाटतंय. भाच्याला आशीर्वाद.

तुमची लाडकी (निदान हे पत्र संपेपर्यंत),
भावजय

ता. क. – फ्रीझर विकला. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने चांगली किंमत दिली. मटार आम्ही खाल्ले.

आणखी ता. क. – तुमचे बंधू ऐकेचनात, म्हणून मी सांगितलं की वन्संचा फोन आला होता, त्याच म्हणाल्या, भावापेक्षा फ्रीझर मोठा नाही, विकून मोकळे व्हा. वन्सं, ते ढसाढसा रडले हो. थाप माझीच, तरी मलाही रडू आवरेना. रविवारी ते तुमचे आभार मानायला तिकडे येतायत. तेव्हा तुम्ही तसं म्हणाला होतात, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

शेवटचं – ते फ्रीझरचे पैसे परत करायचा विषय काढतील. तो तुम्ही मुळीच ऐकून घेणार नाही, हेही तुम्ही मला फोनवरच सांगितलंय.