कानाची चिठ्ठी

बाबा, आज वर्गात एका मुलीने विचारलं, स्प्रेडशीट येत असताना आकडेवारीचं वेगळं सॉफ्टवेअर कशाला शिकायचं? मी नेहमीचं उत्तर दिलं. शीटमध्ये आकडे डोळ्यांसमोर असतात, हवा तो हाताने बदलता येतो, थोडक्या कामाला तिच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. ते दुसरं जरा ताठ असतं, प्रत्येक हुकूम लिहून द्यावा लागतो; पण काल काय केलं ते आज वाचता येतं, आणि एका माणसाची ओळ सहसा तुटत नाही. ओळ तुटते म्हणजे काय, हेही तिने विचारलं. मी फळा पुसायला लागले.

तुम्हाला सांगते. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी आपल्या कामतघरच्या लूम कामगारांचे कान, मागाच्या आवाजाने किती गेलेत ते, तपासून घेतले होते. कान बिघडल्याची चिठ्ठी जो आणेल त्याला लूमवरून काढून कापडाच्या घडी खात्यात बसवू, तिथे खडखडाट नाही, असं शेठने कबूल केलं होतं. शिफ्ट संपवून तुम्हीही आलात, केसांत कापसाची तूस तशीच. डॉक्टरांनी तपासलं, शीट मी भरली. सगळ्यात वाईट कान कोणाचे ते वर यावं म्हणून मी ऐकण्याचा रकाना क्रमाने लावला, आणि तेवढाच लावला. बाकीचे रकानेही हलवू का, असं शीटने विचारलंसुद्धा होतं. मी न वाचताच बटण दाबलं. नावं जागेवर राहिली, कान मात्र एकाचे दुसऱ्याला गेले. तीस वर्षं लूमवर काढलेल्या तुमच्या वाट्याला कोणा नव्या कामगाराचे कान आले, आणि तशीच चिठ्ठी छापून तुमच्या हातात पडली.

आणि मग ती संध्याकाळ. आई चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, तिसऱ्यांदा हाक मारते आहे, आणि तुम्ही दारात बसून शेजाऱ्याला चिठ्ठी दाखवता आहात. शेवटी ती पिठाच्या हातांनी बाहेर येते. तुम्ही चिठ्ठी तिच्यापुढे नाचवता. "पोरीनं काँप्युटरवर काढलंय. कान चांगलं हायत माझं. तूच हलू बोलतेस." आई म्हणते, "मंग काँप्युटरलाच हाक मारते जेवायला." तुम्हाला ते ऐकू येत नाही, पण आम्ही हसतो म्हणून तुम्हीही हसता. इतके खूश मी तुम्हाला क्वचितच पाहिलंय.

चूक चार दिवसांनी सापडली. सर एवढंच म्हणाले, "प्रत्येक ओळीत एक माणूस बसलाय, हे विसरलीस तू." मी रडले. कागदांवरून सगळं पुन्हा भरलं, नव्या चिठ्ठ्या काढल्या. बाकीच्यांच्या सरांनी स्वतः जाऊन बदलून दिल्या. तुमची माझ्याकडे दिली, घरचीच म्हणून.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं लूमवर काढलीत. माझी लेक बोलायला लागली तेव्हा ती तुम्हाला काय म्हणते ते मी तुमच्या कानाशी ओरडून सांगायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "वय झालं, दुसरं काय." मी हो म्हणायचे.

शीटला दोष देऊन मी आज वर्गातून सुटले, बाबा. पण शीट तर चार दिवसांतच दुरुस्त झाली होती. तुमची खरी चिठ्ठी मी तेव्हा पर्समध्ये ठेवली, उद्या देऊ म्हणून. पर्सा बदलल्या. प्रत्येक वेळी ती मीच जुनीतून काढून नवीत ठेवली.